पावसाआधीचे दोन दिवस: सोतेर्नमधल्या एका द्राक्षबागेची तिसरी फेरी

नोबल रॉटपासून, म्हणजे पिकलेल्या द्राक्षांवर वाढणाऱ्या उपयोगी बुरशीपासून, होणाऱ्या गोड वाईनचा निर्णय एका दिवसात लागत नाही. तो प्रत्येक फेरीत, प्रत्येक घडावर, कधी कधी एकाच घडातल्या दोन मण्यांमध्ये घ्यावा लागतो. हे प्रकरण फ्रान्समधल्या सोतेर्न भागातल्या एका लहान बागेचे आहे. ओळख पटू नये म्हणून बागेचे नाव, गाव आणि हंगामाचे वर्ष वगळले आहे.

पार्श्वभूमी

सोतेर्नचा टापू बोर्दो शहराच्या आग्नेयेला, गारोन नदीच्या डाव्या तीरावर आहे. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक या पाच गावांच्या शिवारातल्या द्राक्षांनाच हे नाव लावता येते. सिराँ ही छोटी नदी दाट झाडीच्या सावलीतून थंडगार वाहत येते आणि तुलनेने उबदार गारोनला मिळते. शरद ऋतूत त्यातून पहाटेचे धुके तयार होते. ते सकाळभर बागेवर बसते आणि ऊन चढले की विरते. ओलसर सकाळ आणि कोरडी दुपार असा क्रम काही आठवडे टिकला, तर बॉट्रायटिस सिनेरिया ही बुरशी पिकलेल्या मण्याच्या सालीत शिरते, पण मणी फुटत नाही. सालीला सूक्ष्म छिद्रे पडतात, पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल, ग्लिसरॉल व सुगंधी द्रव्ये मागे राहतात. तीच बुरशी सततच्या ओलाव्यात मात्र सारा घड करड्या लोकरीसारखा करून टाकते. बुरशी एकच असते, फरक फक्त हवेचा.

ही बाग 7 हेक्टरची. साडेपाच हेक्टरांवर सेमियाँ ही द्राक्षजात, उरलेल्यात सोव्हिन्यॉं ब्लाँ आणि थोडी मुस्कादेल या जाती. सेमियाँची साल पातळ असल्याने बुरशीला ती सोपी जाते, म्हणून या भागात तिचाच भरणा असतो. बागेचा वरचा भाग खडीचा आहे आणि तिथे पाण्याचा निचरा चांगला होतो. सिराँच्या बाजूचा खालचा भाग वाळू-गाळाचा आहे. तिथे धुके तासभर जास्त रेंगाळते. नियमाप्रमाणे हेक्टरी 2,500 लीटरपर्यंत वाईन करता येते, पण या बागेची नेहमीची सरासरी 1,500 लीटरच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला साधारण 10,500 लीटर. टापूतली सगळ्यात नावाजलेली बाग, शातो दीकेम, तर हेक्टरी 900 लीटरच्या आसपासच थांबते.

काढणी फेऱ्यांनी होते. मजूर त्याच ओळींतून तीन, चार, कधी सहा वेळा जातात आणि दर वेळी तयार झालेले तेवढेच कापतात. मण्याच्या दोन अवस्था इथे महत्त्वाच्या. पहिलीत मणी पूर्ण तपकिरी-जांभळा होतो, पण अजून फुगलेला असतो. बुरशी आत पोचलेली असते, पाणी मात्र उडालेले नसते. दुसरीत तो सुरकुतून मनुक्यासारखा होतो. यापुढे पहिल्याला ‘भरलेला’ आणि दुसऱ्याला ‘सुकलेला’ मणी म्हणू. या दोन्हींमधले अंतर कधी चार दिवसांचे असते, कधी दोन आठवड्यांचे. सारी वाईन त्या अंतरात ठरते.

मोजमाप संभाव्य अल्कोहोलमध्ये होते, म्हणजे रसातली सारी साखर आंबली तर जेवढे अल्कोहोल होईल त्यात. लीटरमागे 17 ग्रॅम साखर म्हणजे ढोबळमानाने 1 टक्का. चांगल्या सोतेर्नसाठी रस 20 ते 21 टक्क्यांचा हवा. त्यातले साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल होते आणि उरलेली साखर, लीटरमागे 110 ते 130 ग्रॅम, वाईनमध्ये राहते. शेतात साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर मात्र आंधळा विश्वास ठेवता येत नाही. ग्लिसरॉल आणि ग्लुकॉनिक आम्लही आकडा थोडा वर ढकलतात, म्हणून पिळलेल्या रसाची प्रयोगशाळेतली साखर हाच खरा हिशेब.

अडचण कशी उभी राहिली

सप्टेंबर कोरडा गेला. महिन्याच्या शेवटी हलका पाऊस झाला आणि धुक्याचे दिवस सुरू झाले. पहिली फेरी बरीचशी साफसफाईची होती. तिच्यात 18.5 टक्क्यांचा 1,200 लीटर रस मिळाला, त्यात सोव्हिन्यॉंचा वाटा मोठा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली दुसरी फेरी उत्तम ठरली. त्यात 21 टक्क्यांचा 2,600 लीटर रस आला. तो स्वच्छ होता आणि त्याला जर्दाळू व संत्र्याच्या सालीचा वास होता.

त्यानंतर उबदार हवा आली आणि बुरशी एकदम पसरली. एका मंगळवारी बागेत उरलेल्या साडेचार हेक्टरांची स्थिती अशी होती: सुमारे तिसरा हिस्सा मणी सुकलेले, निम्मे भरलेले, बाकीचे अजून सोनेरी-हिरवे. तिसरी फेरी पुढच्या सोमवारी ठरली होती. पण अंदाज आला की गुरुवारी रात्रीपासून तीन दिवसांत 40 मिलीमीटर पाऊस पडेल आणि त्यानंतरही हवा 20 अंशांच्या वर, दमट राहील.

पावसाचा धोका दुहेरी असतो. बुरशीने छिद्रे पाडलेली साल पाणी रोखू शकत नाही. सुकलेला मणी पुन्हा पाणी पितो आणि रस पातळ होतो. ऊन-वारा लगेच मिळाला तर हे नुकसान भरून येते. दुसरा धोका जास्त वाईट. ओल्या, उबदार हवेत फुटलेल्या मण्यांवर फळमाश्या बसतात, त्यांच्यासोबत यीस्ट आणि ॲसिटिक जिवाणू येतात आणि घड आंबू लागतो. ही आंबट कूज झाली की ती परत फिरत नाही. तिच्यातून व्हिनेगरचे आम्ल तर येतेच, शिवाय काही अशी द्रव्ये येतात ज्यांचा त्रास सहा महिन्यांनी तळघरात कळतो. त्याबद्दल पुढे.

हाताशी 24 मजूर होते. निवडून कापायचे तर गुरुवार संध्याकाळपर्यंत साडेचारपैकी फार तर अडीच हेक्टर व्हायचे.

पर्यायांचा विचार

सगळ्यात सोपा मार्ग होता सरसकट काढणी. अख्खे घड कापले की दोन दिवसांत बाग मोकळी झाली असती. रस साधारण सोळा-सतरा टक्क्यांचा मिळाला असता. सोतेर्नसाठी किमान मर्यादा 15 टक्क्यांची आहे, त्यामुळे कायद्याला तो चालला असता. पण सोनेरी मण्यांचा साधा रस सुकलेल्या मण्यांच्या रसात मिसळला की तो वेगळा काढता येत नाही. दोन हजार लीटर उत्तम रस वाया घालवून पाच हजार लीटर मध्यम रस मिळवण्याचा हा सौदा होता. बागेच्या व्यवस्थापकांनी तो नाकारला आणि आमच्या मते ते बरोबर होते.

दुसरा मार्ग वाट पाहण्याचा. पावसानंतर पूर्वेचा कोरडा वारा सुटला तर भरलेले मणी चार-पाच दिवसांत सुकतात आणि चौथी फेरी सगळ्यांत देखणी ठरते. अनुभवी लोकांना याचा मोह पडतो, कारण असे घडलेले हंगाम त्यांनी पाहिलेले असतात. पण अंदाजात वारा नव्हता, उष्मा होता. साडेचार हेक्टर त्या एका शक्यतेवर लावणे म्हणजे हंगाम पणाला लावणे. दीकेमसारखी बाग 1992 आणि 2012 मध्ये आपल्या नावाची वाईन न काढण्याचा निर्णय घेऊ शकते. सात हेक्टरच्या बागेला एक कोरे वर्षही जड जाते.

तिसरा मार्ग थंडीचा. घड उणे 5 ते उणे 8 अंशांपर्यंत गोठवून पिळले तर पाणचट मणी बर्फ होऊन दगडासारखे राहतात आणि फक्त गोड मण्यांचा रस बाहेर येतो. हे तंत्र 1980 च्या दशकात सोतेर्नमध्ये आले आणि पावसाळी हंगामात काहींनी ते वापरले. त्याची मर्यादा अशी की साखर वाढते, बुरशीचे काम वाढत नाही. बॉट्रायटिस मण्यात सुगंधाची पूर्वद्रव्ये कितीतरी पटींनी वाढवते. पुढे आंबवताना यीस्ट त्यांतून ग्रेपफ्रूट आणि संत्र्याच्या सालीचे वास मोकळे करते. हे थंडीने होत नाही. शिवाय बागेकडे शीतखोली नव्हती. दोन दिवसांत ती आणून, रिकामी तपासून, त्या तापमानाला नेणे शक्य नव्हते.

उरला चौथा मार्ग: जे सुकले आहे ते आधी काढायचे, भरलेले शक्य तितके वेगळ्या बादलीत घ्यायचे, सोनेरी मण्यांना हात लावायचा नाही आणि उरलेले नशिबावर सोडायचे. हाच मार्ग निवडला गेला. पण त्याच्या पोटात दोन लहान निर्णय दडलेले होते आणि परिणाम त्यांनीच घडवला.

दोन बादल्या, आणि दव

पहिला निर्णय प्लॉटच्या क्रमाचा. सवयीने काढणी वरच्या खडीच्या भागापासून सुरू होत असे, कारण तिथली द्राक्षे सर्वोत्तम. या वेळी क्रम उलटा केला. खालच्या वाळू-गाळाच्या जमिनीत पाणी साचते, धुके टिकते आणि पावसानंतर कूज आधी तिथेच सुरू होते. खडीवरच्या वेलींना पाऊस सोसण्याची थोडी तरी संधी होती. म्हणून आधी खालचा भाग.

प्रत्येक मजुराला दोन बादल्या दिल्या. एकीत सुकलेले, दुसरीत भरलेले. घड हातात फिरवायचा, टोकदार कात्रीने सुकलेला गुच्छ कापायचा, मग भरलेला. शंका आली तर मणी दोन बोटांत दाबायचा. सुकलेला चिवट लागतो आणि त्याची साल बोटावर सरकते. भरलेला मऊ असतो आणि रस लगेच उडतो. वास घेणे सक्तीचे. मध, सुके जर्दाळू किंवा अळंब्यांचा वास चालतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा आला, तर सारा गुच्छ जमिनीवर टाकायचा. रंगही मदत करतो. चांगला मणी जांभळट तपकिरी आणि कोरडा असतो, त्याच्यावर राखेसारखी पातळ धूळ दिसते. आंबलेला विटकरी असतो, त्यातून पाणी पाझरते आणि त्याच्याभोवती माश्या असतात.

दुसरा निर्णय वेळेचा. पहाटेच्या दवाने मणी बाहेरून ओले असतात. ओले मणी प्रेसमध्ये गेले की ते पाणी रसात जाते. म्हणून एरवी साडेदहाच्या आधी कात्री लागत नाही. बुधवारी हा नियम पाळला आणि सुकलेल्या मण्यांचा 900 लीटर रस 21.4 टक्क्यांचा आला. गुरुवारी घड्याळ आडवे आले. व्यवस्थापकांनी साडेआठलाच काढणी सुरू करायला सांगितले, पण एक अट घातली: सकाळच्या बादल्या वेगळ्या प्रेसमध्ये जातील. सकाळच्या 600 लीटरची साखर 19.6 टक्के निघाली, दुपारच्या 600 लीटरची 21. जवळपास दीड टक्क्याचा फरक केवळ दवाचा नसावा. सकाळच्या ओळी खालच्या भागातल्या होत्या आणि अंधुक प्रकाशात भरलेले मणीही पहिल्या बादलीत गेले असणार. तरी 19.6 चा रस 20.8 च्या सरासरीत सामावून जातो. गुरुवारी साडेदहाचा नियम पाळला असता तर 600 लीटर पावसात गेले असते.

दोन दिवसांची बेरीज अशी: सुकलेल्या मण्यांचा 2,100 लीटर रस, सरासरी 20.8 टक्के, आणि भरलेल्या मण्यांचा 1,400 लीटर, 17.2 टक्के. सुमारे दोन हेक्टर, बहुतेक खडीवरचे, शिल्लक राहिले.

गुरुवार रात्रीची शेवटची खेप सोडली तर प्रेसमध्ये घाई केली नाही, हे नोंदवण्यासारखे आहे. मणी चिरडायचे नाहीत, पंपाने ढकलायचे नाहीत, सावकाश तीन वेळा पिळायचे आणि दर वेळी चोथा हाताने मोकळा करायचा. नेहमीच्या पांढऱ्या वाईनमध्ये पहिला रस उत्तम मानतात. इथे उलट असते. शेवटच्या दाबाला येणारा काकवीसारखा दाट रस सर्वांत गोड असतो. यंत्राने जोर लावला तर बुरशीने सालीखाली साठवलेले ग्लुकन हे चिकट द्रव्य रसात उतरते आणि पुढे गाळणी बंद पडते. रस निघताच लीटरमागे 60 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड दिला, कारण बॉट्रायटिसचा लॅकेज हा एन्झाइम रस झपाट्याने तपकिरी करतो. सल्फर त्याला पूर्ण थोपवत नाही, पण वेग कमी करतो.

पावसानंतर

पाऊस 46 मिलीमीटर पडला. त्यानंतर चार दिवस हवा 22 अंशांची, ढगाळ आणि वारा नाही. दुसऱ्याच दिवशी खडीवरच्या ओळींत फळमाश्या दिसू लागल्या. या टप्प्यावर फक्त आंबलेले घड जमिनीवर टाकण्यासाठी एक स्वच्छता-फेरी काढावी का, असा प्रश्न आला. दोन दिवसांची मजुरी, हातात एक थेंब रस नाही. वारा सुटेल या आशेवर तो निर्णय चार दिवस लांबला. चौथ्या दिवशी फेरी काढली तेव्हा प्रत्येक तिसरा-चौथा घड आंबलेला होता, आणि एका आंबलेल्या घडाचा रस खालच्या निरोगी घडावर ठिबकलेला होता.

सहाव्या दिवशी पूर्वेचा वारा आला. उरलेले आठवड्यात सुकले आणि चौथ्या फेरीत 900 लीटर रस मिळाला. साखर 20.5 टक्के, आकड्यात छान. पण पिळलेल्या रसातच वाष्पशील आम्ल (मुख्यतः व्हिनेगरचे आम्ल) लीटरमागे 0.45 ग्रॅम होते. स्वच्छ नोबल रॉटच्या रसात ते याच्या निम्म्याहून कमी असते. कुजीची खूण मानले जाणारे ग्लुकॉनिक आम्लही दुसऱ्या फेरीच्या दुपटीहून जास्त होते.

तळघरातला दुसरा प्रसंग

नोबल रॉटच्या रसात यीस्टचे हाल होतात. साखर इतकी की पेशीतले पाणी बाहेर खेचले जाते. शिवाय बुरशीने नायट्रोजन आणि थायमिन (जीवनसत्त्व ब-1) आधीच खाल्लेले असते. थायमिन नसले की यीस्ट पायरुव्हिक आणि कीटोग्लुटारिक ही कीटो-आम्ले सोडते आणि ती नंतर सल्फरला बांधून ठेवतात. म्हणून आंबवण सुरू होण्याआधीच थायमिन देतात. युरोपीय नियमाने लीटरमागे 0.6 मिलिग्रॅमपर्यंत देता येते, सवयीचा डोस 0.5 मिलिग्रॅम. हा डोस उशिरा दिला तर सालीवरच्या रानटी यीस्ट तो काही तासांत फस्त करतात.

पहिल्या तीन फेऱ्यांच्या रसाला ठरल्याप्रमाणे थायमिन आणि अमोनियम मिळाले. 225 लीटरच्या ओक पिंपांत 20 अंशांवर ते तीन आठवडे संथपणे आंबले. चौथ्या फेरीच्या वेळी तळघर भरलेले होते आणि माणसे थकलेली. रस रात्री निवळायला ठेवला, थायमिनची नोंद दुसऱ्या दिवसावर गेली आणि प्रत्यक्षात डोस पाचव्या दिवशी पडला. आंबवण 10.5 टक्क्यांवर अडकली. लीटरमागे 170 ग्रॅम साखर शिल्लक आणि वाष्पशील आम्ल 1.1 ग्रॅमवर, रोज थोडे चढते.

इथे तीन वाटा होत्या. अल्कोहोलला सरावलेले ताजे यीस्ट वेगळ्या टाकीत वाढवून थोडे थोडे घालत आंबवण पुन्हा चालू करायची. किंवा हे 900 लीटर मुख्य मिश्रणात मुरवायचे. सहा हजार लीटरात 0.1 ग्रॅम आम्ल कोणाला जाणवणार, असा युक्तिवाद झाला. किंवा तिथेच थांबवून बाजूला काढायचे.

निर्णयाआधी व्यवस्थापकांनी एक स्वस्त चाचणी केली, आणि या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. त्या रसाचे एकेक लीटरचे चार नमुने घेऊन त्यांत 200, 250, 300 आणि 350 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड घातला आणि चोवीस तासांनी मुक्त सल्फर, म्हणजे कशाला बांधला न गेलेला आणि म्हणून संरक्षण देणारा भाग, मोजला. आकडे आले 9, 17, 28 आणि 41. गोड वाईन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून मुक्त सल्फर 50 ते 60 मिलिग्रॅम लागतो. म्हणजे 350 घालूनही ती सुरक्षित होत नव्हती, आणि सोतेर्नसाठी एकूण मर्यादा 400 ची. दुसऱ्या फेरीच्या वाईनला हेच संरक्षण एकूण 260 मध्ये मिळाले, मुक्त 58.

बाकीचा सल्फर गेला कुठे, तर ॲसिटिक जिवाणूंनी मण्यातच तयार केलेल्या द्रव्यांनी बांधून ठेवला. त्यांत 5-ऑक्सोफ्रुक्टोज हे महत्त्वाचे. यीस्ट ते खात नाही, त्यामुळे आंबवण पुन्हा चालू करूनही ते तसेच राहिले असते. मिश्रणात घातले असते तर चांगल्या वाईनलाही जास्त सल्फर द्यावा लागला असता आणि तिचे जर्दाळू-मधाचे सुगंध दबले असते. म्हणजे प्रश्न 0.1 ग्रॅम आम्लाचा नव्हताच. 900 लीटर बाजूला काढले गेले. 10.5 टक्के अल्कोहोलवर त्यांना सोतेर्न म्हणून विकता आलेच नसते. ते ऊर्ध्वपातनासाठी गेले.

मिश्रण

वसंतात सर्व पिंपे एकेक करून चाखली. मुख्य वाईनमध्ये दुसरी फेरी पूर्ण, तिसऱ्या फेरीचे सुकलेले मणी पूर्ण, आणि पहिल्या फेरीतली निम्मी, सोव्हिन्यॉंची ताजी पिंपे घेतली. एकूण 5,300 लीटर. अल्कोहोल 13.7 टक्के, शिल्लक साखर लीटरमागे 118 ग्रॅम. पहिल्या फेरीचा 18.5 टक्क्यांचा रस आकड्याने कमी असला तरी त्याच्या आम्लाने मिश्रणाला उभे केले. फक्त सुकलेल्या मण्यांची वाईन दाट होते, पण दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. गुरुवार सकाळचा 19.6 चा भागही चवीत खाली पडला नाही.

भरलेल्या मण्यांचे 1,400 लीटर आणि पहिल्या फेरीचा उरलेला भाग मिळून 2,000 लीटरची दुसरी, हलकी वाईन झाली. अल्कोहोल 13.2 टक्के, साखर 75 ग्रॅम. ती लवकर प्यायची आहे आणि तशीच विकली गेली. ऊर्ध्वपातनाला गेलेला भाग धरून हेक्टरी जेमतेम 1,170 लीटर रस पडला. गाळ आणि तूट वजा जाता मुख्य वाईनच्या सुमारे 6,600 बाटल्या भरल्या.

अठरा महिन्यांनी गाळताना मुख्य वाईनचा एक भाग अडला. 10 मिलीलीटर वाईनमध्ये 5 मिलीलीटर 96 टक्के अल्कोहोल घालून परीक्षानळी हलवली तर पांढरे धागे दिसले. ग्लुकन उतरले होते, बहुधा गुरुवारी रात्री शेवटचा प्रेस घाईत फिरवला तेव्हा. गाळणीचा दाब वाढवला असता तर ती आणखी बुजली असती. म्हणून ग्लुकन तोडणारा ग्लुकनेज एन्झाइम देऊन वाईन 15 अंशांवर तीन आठवडे ठेवली. थंड तळघरात हा एन्झाइम जवळजवळ झोपतो, त्यामुळे पिंपांची जागा बदलावी लागली. त्यानंतर ती एका दमात गाळली गेली.

काय वेगळे करता आले असते

दोन बादल्यांचा निर्णय बरोबर होता आणि तसाच राहावा. पण तिसरी बादली हवी होती, शंकेची. मजुराला जिथे ठरवता येत नाही तिथे त्याने जमिनीवर टाकावे किंवा चांगल्यात टाकावे, असे दोनच पर्याय होते, आणि दिवस सरता सरता लोक चांगल्यात टाकतात. शंकेच्या बादल्या रांगेच्या टोकाला एका अनुभवी माणसाने पाहिल्या तर दिवसाला एक माणूस लागतो, आणि गुरुवारच्या सकाळचा आकडा वर गेला असता.

स्वच्छता-फेरी पावसाच्या आधी, बुधवारीच, दोन माणसांनी खडीच्या भागात काढायला हवी होती. कूज जिथे सुरू झाली ते मणी पाऊस पडायच्या आधीच फुटलेले होते. द्राक्ष-पतंगाच्या अळीने पोखरलेले, गांधीलमाशीने टोचलेले, दाटीने एकमेकांना चेपलेले. ते शोधायला फार वेळ लागत नाही, कारण त्यांच्यावर माशी आधीच बसलेली असते. पाऊस पडून गेल्यावर चार दिवस थांबणे हा या हंगामातला सर्वांत महाग निर्णय ठरला. खडीच्या दोन हेक्टरांतून 2,500 लीटर अपेक्षित होते आणि 900 मिळाले, तेही वापरता आले नाहीत.

थायमिन रस प्रेसमधून टाकीत पडतानाच द्यावे, निवळल्यानंतर नाही. पुढच्या हंगामापासून या बागेत मोजलेल्या पुड्या प्रेसच्या बाजूलाच ठेवल्या जातात, आणि रस उतरवणारा माणूसच ती टाकतो आणि सही करतो.

सल्फरची चार नमुन्यांची चाचणी प्रत्येक फेरीच्या रसावर आंबवण थांबवण्याच्या दोन दिवस आधी करावी. चाचणीला वेळ फक्त वाट पाहण्याचा लागतो. या हंगामात ती केवळ अडकलेल्या पिंपावर झाली. भरलेल्या मण्यांच्या वाईनवर ती केली नाही. तिचा मुक्त सल्फर बाटलीत भरताना 44 वरच आला आणि पुरवठा करण्याआधी ती सहा आठवडे निरीक्षणाखाली ठेवावी लागली. पुन्हा आंबली नाही, पण त्या सहा आठवड्यांत दर सोमवारी एकेक बाटली उघडून बुडबुडे आणि गढूळपणा पाहावा लागत होता.